काउंटरवरचा संकोच

(महिला विभागाच्या जुलै महिन्यातील सभेत केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

अध्यक्षबाई, कार्यकारिणीच्या सभासद भगिनींनो, आणि चहाच्या आशेने मागच्या ओळीत बसलेल्या बंधूंनो,

चिटणीसबाईंनी फोनवर मला विषय विचारला तेव्हा मी ‘कूपन’ एवढेच म्हटले. त्यांना वाटले, मी महाप्रसादाच्या कूपनांवर बोलणार. त्या घाईघाईने म्हणाल्या, “अहो, ते प्रकरण मिटलं आता, पुन्हा नको!” तेव्हा आधीच सांगते, महाप्रसादाची कूपने, जादा पाने आणि आयत्या वेळी आलेले पाहुणे यांबद्दल मी काही बोलणार नाही. दुकानात कूपन किंवा वाउचर घेऊन गेल्यावर काउंटरवर आपले काय होते, त्याबद्दल बोलणार आहे.

मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यातली बरीचशी काउंटरवर गेली आणि काही वर्षे क्लिअरिंगमध्ये. म्हणजे काउंटरच्या आतल्या बाजूची माणसे मला चांगली ठाऊक आहेत, मीच त्यांतली एक. बाहेरच्या बाजूला उभे राहायचे शिक्षण मात्र मला फार उशिरा मिळाले, आणि तेही सातासमुद्रापलीकडे.

२०११ सालची गोष्ट. नात तीन महिन्यांची होती म्हणून मी न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते. बडोद्यातल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी तिकडे आहे, त्यामुळे तिथले वर्णन करत बसत नाही. सूनबाई इथे नोकरी करत होती. तिकडे तिच्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. घरात एकच पगार, भाडे भरमसाट आणि बाळाच्या डायपरचा खर्च असा की मी रुपयांत हिशेब करून दर वेळी गप्प होत असे. रविवारी जाड वर्तमानपत्र यायचे. त्यात रंगीत कूपनांच्या पुरवण्या असायच्या. आम्ही चहा पीत असताना सूनबाई कात्री घेऊन बसायची. कापलेली कूपने फोटोच्या अल्बमच्या खिशांत, मुदतीच्या तारखेप्रमाणे लावलेली. मला ते कौतुकाचे वाटे आणि थोडे लाजिरवाणेही वाटे, हे आज कबूल करते.

एका शनिवारी आम्ही डायपरची तीन पाकिटे घेतली आणि सूनबाईने दोन-दोन डॉलरची तीन कूपने पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने एकच घेतले. कूपनावर छापले होते, एका खरेदीला एक कूपन. तिच्या मते खरेदी म्हणजे अख्खे बिल. सूनबाई म्हणाली, खरेदी म्हणजे एक वस्तू. तीन पाकिटे म्हणजे तीन खरेद्या, आणि एका बिलाला एकच असेल तर कंपनी तसे वेगळ्या शब्दांत छापते. मुलगी मान हलवत राहिली. मागे पाच-सहा माणसे. त्यातल्या एका गृहस्थाने असा सुस्कारा सोडला की तो मला मराठीतच ऐकू आला. मी सूनबाईचा हात ओढला आणि म्हटले, “राहू दे गं, मी देते ते पैसे.” तिने मागे न बघता सांगितले, “आई, थोडं थांबा.” पर्समधून त्या दुकानाच्या कूपन-नियमांचा छापलेला कागद काढून तिने काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही. मॅनेजर आला, त्याने कागद वाचला, यंत्राला किल्ली लावली आणि तिन्ही कूपने घेतली. सहा डॉलर.

घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. बाळाला निजवून झाल्यावर ती म्हणाली, “आई, तुम्ही बँकेत होतात. कोणी चेक वटवायला आला तर त्याने लाजावं असं तुम्हाला वाटायचं का?”

मला राग आला होता, तो त्या प्रश्नाने गेला असे नाही. पण प्रश्न मात्र डोक्यात राहिला, आणि पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडून सगळे समजून घेतले. ते ऐकून माझ्यातली क्लिअरिंगची बाई जागी झाली. तिकडे कंपनीचे कूपन हे खरोखरच चेकसारखे चालते. दुकानदार दिवसाची कूपने गोळा करतो, ती मोजणी करणाऱ्या संस्थेकडे जातात, आणि तिला चक्क ‘क्लिअरिंग हाउस’च म्हणतात. तिथे छाननी होते आणि कंपनीकडून दुकानदाराला छापील रक्कम पूर्ण मिळते. शिवाय एका कूपनामागे हाताळणीचे साधारण आठ सेंट. म्हणजे ज्या दोन डॉलरसाठी मी शरमेने मान खाली घातली होती, ते त्या दुकानाचे नव्हतेच. ते कंपनीने माझ्या सुनेमार्फत दुकानाला दिले होते. तिथल्या बऱ्याच राज्यांत विक्रीकरसुद्धा कंपनीचे कूपन वजा करण्याआधीच्या पूर्ण किमतीवर लागतो, कारण दुकानाला पूर्ण किंमत मिळालेली असते. दुकानाने स्वतः काढलेल्या कूपनाचे तसे नाही. ती खरी सूट, म्हणून कर कमी झालेल्या किमतीवर. सरकारला जो फरक कळतो तो मला एकतीस वर्षे बँकेत काढून कळला नव्हता.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे काउंटरवरच्या त्या मुलीवर अन्याय होईल. चुकीचे किंवा मुदत संपलेले कूपन घेतले तर क्लिअरिंगमध्ये ते नाकारले जाते आणि नुकसान दुकानाच्या अंगावर पडते. नकली कूपनेही निघतात. त्यात त्याच वर्षी एका दूरचित्रवाणी वाहिनीवर कूपनबहाद्दरांचा कार्यक्रम गाजत होता. गाडाभर सामान घेऊन जवळजवळ काहीच न देता बाहेर पडणाऱ्या बायका त्यात दिसत. तो पाहून लोक एकेका फळीवरची साठ-साठ टूथपेस्ट उचलू लागले आणि बऱ्याच दुकानांनी नियम आवळले. साठ टूथपेस्ट घेणाऱ्याचे मला कौतुक नाही. फळी रिकामी करून मागून येणाऱ्या आजीला हात हलवत परत पाठवणे ही काटकसर नव्हे. कूपन घ्यायलाच हवे अशी सक्ती करणारा देशव्यापी कायदा तिथे नाही. दुकान स्वतःचे लिखित नियम जाहीर करते आणि त्या नियमांवर सगळे चालते. म्हणून सूनबाईच्या पर्समध्ये तो कागद असे. ती गर्दीच्या वेळी जात नसे, कूपने आधी मोजून, वस्तूंच्या क्रमाने लावून देत असे, आणि एखाद्या मुलीने ठाम नकार दिला तर तिच्याशी न भांडता बिल करून सरळ ग्राहकसेवेच्या खिडकीशी जात असे. तिथे बसलेल्या माणसाला निर्णय घ्यायचा अधिकार असतो, काउंटरवरच्या मुलीला नसतो. बँकेतही असेच होते. किती जणांनी माझ्याशी तावातावाने भांडून शेवटी मॅनेजरच्या केबिनमध्ये काम करून घेतले असेल!

एवढे शिकून मी बडोद्याला परतले आणि सगळे विसरले, कारण आपल्याकडे असे कापून ठेवायचे कूपन फारसे नसतेच. आपल्या लहानपणी साबणाची वेष्टणे आणि चहाची रिकामी पाकिटे जमवायची असत, ती घेऊन दुकानात गेले की “भेट हजु आवी नथी” हे उत्तर ठरलेले. ती भेट कधी आली का, हे मी आजतागायत ऐकलेले नाही.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. ज्यांची ही हकीकत आहे त्या इथेच बसल्या आहेत. नाव घ्यायचे नाही एवढ्या एकाच अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे.

गेल्या गणेशोत्सवात आपण स्पर्धांची बक्षिसे म्हणून एका मोठ्या दुकानाची पाचशे रुपयांची बारा वाउचरे घेतली. सहा हजार रुपये मंडळाने रोख भरले, त्याची पावती आहे. या भगिनींना रांगोळीचे बक्षीस मिळाले. तीन तास गुडघे मोडून काढलेली ती रांगोळी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. त्या पोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून देतात, त्यावर घर चालते. दिवाळीच्या आधी त्या दुकानात सेल लागला. मोठा कुकर १,६४० रुपयांना होता. पर्समध्ये १,२०० रुपये आणि हे वाउचर, म्हणजे हिशेब बरोबर बसत होता. कुकर काउंटरवर ठेवला, वाउचर दिले. मुलगा मोठ्याने म्हणाला, “मासी, आ नहीं चाले. सेल चाले छे. पाछळ लखेलुं छे, वांची लो ने.” इथवर ठीक होते. मग त्याने ते वाउचर हातात उंच धरून शेजारच्या काउंटरवाल्याला दाखवले आणि म्हणाला, “जो, पाछुं एक मफतवाळुं आव्युं.”

मफतवाळुं. बाई कुकर तिथेच ठेवून निघून आल्या. दिवाळीचा फराळ जुन्या, शिट्टी गळणाऱ्या कुकरवर केला. कोणाला काही बोलल्या नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देताना सहज विषय निघाला, तेव्हा सांगितले. डोळ्यांत पाणी कुकरसाठी नव्हते, हे तुम्हाला सांगायला नको.

आम्ही दोघी फेब्रुवारीत पुन्हा त्या दुकानात गेलो. दुपारी तीनची वेळ निवडली, दुकान रिकामे होते. जाण्याआधी मी चष्मा लावून वाउचरची मागची बाजू वाचली. तिथे लिहिले होते, दुसऱ्या कोणत्याही सवलत-कूपनासोबत वापरता येणार नाही. सेलचा उल्लेखच नव्हता. म्हणजे “पाछळ लखेलुं छे” हेच मुळात खोटे होते, किंवा त्या मुलाने ते कधी वाचले नव्हते. मॅनेजर सभ्य माणूस होता. मी त्याला मंडळाची पावती दाखवून म्हटले, हे सवलतीचे कूपन नाही. याचे पाचशे रुपये तुमच्या गल्ल्यात सप्टेंबरमध्येच जमा झालेले आहेत, उलट तुम्ही आमचे पैसे पाच महिने बिनव्याजी वापरता आहात. तो म्हणाला, “मॅडम, सिस्टम नहीं लेता.” त्यांच्या बिलाच्या यंत्रात वाउचर हे सवलत म्हणून नोंदले होते आणि एका वस्तूवर दोन सवलती यंत्र घेत नव्हते. काउंटरवरच्या मुलाने ते तरीही घेतले असते तर संध्याकाळी हिशेबात पाचशे कमी आले असते आणि त्याच्या पगारातून कापले गेले असते. हे ऐकून माझा त्याच्यावरचा निम्मा राग उतरला. रोकड कमी आली तेव्हा मीही पदरचे पैसे भरलेले आहेत, त्या रात्री झोप येत नाही. पण ‘मफतवाळुं’ म्हणायला त्याला यंत्राने सांगितले नव्हते. तो उरलेला निम्मा राग मी अजून राखून ठेवला आहे.

मॅनेजरला निर्णय घेता येत नव्हता. आम्ही भांडलो नाही. घरून लिहून नेलेल्या अर्जाच्या दोन प्रती होत्या, एक त्याला दिली आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच देताना तो जरा घुटमळला, यावरूनच पोचेचे महत्त्व कळावे. मग कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ई-मेल आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रारीला क्रमांक देते आणि कंपनीकडे उत्तर मागते. तेवढ्यानेही बरेच काही हलते.

याच सुमारास मंडळात थोडी कुरबुर झाली, तीही सांगायला हवी. त्या दुकानाची जाहिरात आपल्या स्मरणिकेत होती. दोघा-तिघांचे मत पडले की पाचशे रुपयांसाठी जाहिरातदाराला दुखवू नये. खजिनदारांची अडचण मला समजते. स्मरणिका जाहिरातींवरच निघते. पण ज्या बक्षिसावर मंडळाचे नाव आहे, ते घेऊन आपली सभासद लोकांसमोर फुकटी ठरली, तर ती गोष्ट एकट्या तिची कशी? आपल्याच बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली. देशातल्या पहिल्या सहकारी संस्थांमध्ये तिचे नाव घेतात. नावातच ‘अन्योन्य’ आहे. पुढे बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, आणि इकडे अहमदाबादेत मनुभाई शहांनी १९७८ साली ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र उभे केले. आपण दोन्हीकडचे, तेव्हा हा वारसा आपल्याला दुप्पट लागू आहे असे मी सभेत म्हटले. लोक हसले आणि अर्ज मंडळाच्या कागदावर गेला.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते. मी वकील नाही, पण छापलेले वाचायची सवय आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे भरणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही त्यात ग्राहक धरला आहे, तेव्हा बक्षीस मिळालेल्या बाईंना “पैसे तुम्ही कुठे भरलेत?” असे विचारून वाटेला लावता येत नाही. बिल न देणे ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यावा लागतो. ‘एकदा विकलेला माल’ ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू नाही. साडीचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, तर ती वेगळी गोष्ट. तिथे दुकानाचे नियम आणि आपली गोड जीभ. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. तेव्हा छापील किमतीवर सूट जाहीर करून कमी झालेल्या किमतीवर वरून कर लावणे चूक आहे, असा निर्णय राष्ट्रीय आयोगाने २०१७ साली दिला. बिलासाठी मोबाइल नंबर द्याच असा आग्रह दुकानांनी धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये केली. मी नंबर देत नाही. मुलगा चेहरा पाडतो आणि बिल देतो.

वाउचरच्या मुदतीची गंमत मात्र नीट ऐका. बँका किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी घेतलेल्या कंपन्या जी भेट-कार्डे काढतात, त्यांना किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते. पण एखादे दुकान फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारे वाउचर काढते, त्याला तो नियम लागू नाही. म्हणून आपल्या वाउचरांवर सहाच महिने होते आणि घेताना आपण कोणीही ते पाहिले नाही. मीही नाही, आणि त्या वेळी मी बक्षीस समितीत होते.

प्रकरण जिल्हा आयोगापर्यंत गेले असते तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, ही तयारी आम्ही ठेवली होती. तशी वेळ आली नाही. साधारण तीन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचे उत्तर आले. वाउचर रोख रकमेप्रमाणे धरले जाईल, सेलमधल्या मालावरही चालेल, आणि आपल्या बाराही वाउचरांची मुदत वाढवली. यंत्रातली नोंद बदलली असे मॅनेजरने नंतर फोनवर सांगितले. काउंटरवर जे बोलले गेले त्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हते. मी ते पुन्हा लिहून विचारले. “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे” असे उत्तर आले. ही भाषा मी स्वतः बँकेत असताना शेकडो पत्रांत वापरली आहे, त्यामुळे तिचा अर्थ मला चांगला कळतो.

मी आनंदाने या भगिनींकडे गेले आणि म्हटले, चला, कुकर घेऊन येऊ. त्या म्हणाल्या, “ताई, कुकर मी मार्चमध्येच मंगळ बाजारातून घेतला. तो दुकानदार ओळखीचा आहे, दोन हप्त्यांत दिला. त्या दुकानाची पायरी मी आता चढणार नाही.” मी खूप समजावले. नियम बदलले आहेत, तुमच्यामुळे बदलले आहेत, सगळे सांगितले. त्यांनी चहा केला, चकली दिली आणि वाउचर माझ्या हातात ठेवले.

मी हे सूनबाईला फोनवर सांगितले. ती आता तिकडे नोकरी करते, नात चांगली मोठी झाली आहे. ती म्हणाली, “आई, त्यांचं बरोबर आहे.” मी विचारले, मग तू त्या दिवशी का थांबलीस? ती म्हणाली, “मला डायपर हवे होते.”

या वर्षी बक्षिसे रोख, पाकिटातून द्यायची असा ठराव समितीने केला आहे. खजिनदारांचा त्याला अजून विरोध आहे. वाउचर दिसायला बरे दिसते असे ते म्हणतात. ती चर्चा चहानंतर होईल. तूर्त एवढेच, की मंडळाच्या कपाटात दोन वाउचरे पडून आहेत. एक ज्यांची बदली झाली त्यांचे, आणि एक हे. मुदत ३० सप्टेंबरची आहे. ज्यांना त्या दुकानातून काही घ्यायचेच असेल त्यांनी पाचशे रुपये भरून माझ्याकडून न्यावे. ते पैसे ज्यांचे त्यांना पोचते होतील. जाताना अर्जाची पोच असलेली प्रत मागून घ्या, ती कपाटात वरच्या खणात आहे.